डेंग्यूची साथ : मुलींचा शाळेनंतरचा खो-खो वर्ग कसा चालू ठेवावा?

डिचोली_क्रीडा
पाचवी ते दहावीच्या २४ मुलींचा खो-खो, लंगडीचा वर्ग साडेचार ते सहा असतो. वाड्यावर डेंग्यूचे रुग्ण निघाल्यापासून पालक मुलींना पाठवेनात. (मुलगे मात्र मैदानावर आहेतच!) वर्ग बंद करायचा नाही. वेळ, जागा, खेळ यांत काय बदलावं? आजारातून उठलेल्या मुलींना कधी घ्यावं?

म्हापसेकर
आधी वेळ बदला. डेंग्यू पसरवणारा एडिस डास दिवसा चावतो. सकाळी उजाडल्यावर आणि सूर्यास्ताआधीच्या दोन-तीन तासांत त्याचा जोर जास्त. तुमचा वर्ग नेमका त्यातच येतो. दीडला शाळा सुटली की डबा खाऊ द्या, तासभर जाऊ द्या, मग पावणेतीन ते पावणेचार घ्या. उजेडात घरची बस मिळाली की पालकांची अर्धी कुरकुरही थांबते. मुलींना घरी बसवून डास चुकत नाही हेही त्यांना सांगा. फ्रिजमागच्या ट्रेमध्ये, फुलदाणीत तोच वाढतो.

मग मैदान. धूरफवारणीवर भिस्त नको, तिनं उडते डास मरतात, अळ्या राहतात. खो-खोचे खांब काढून ठेवले की जमिनीत पुरलेल्या पाइपात पाणी साचतं, उभ्यानं दिसतही नाही. तो वाळूनं काठोकाठ भरा. चपळाईच्या सरावाचे जुने टायर सरळ हटवा. कसेही ठेवले तरी आतल्या खाचेत पाणी उरतं. फक्कीनं गोल आखले की काम भागतं. ताडपत्रीच्या घड्या, कुंपणालगतच्या पोफळीच्या विऱ्या (गळलेल्या झावळ्यांचे द्रोणासारखे देठ), करवंट्याही बघा. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्याचा एक वार ठरवून टाका. नुसतं पाणी ओतून चालत नाही. अंडी कडेला चिकटतात आणि कोरडी राहूनही महिनोन्महिने टिकतात. बादल्या, पिंप काथ्यानं घासायलाच हवेत.

फोंडा_फुगडी
खो-खोचं मैदान २७ बाय १६ मीटर, ते शाळेच्या हॉलात किंवा देवळाच्या सभामंडपात मावणार नाही. आठ-आठ मुलींचे तीन गट करा : लंगडी, दोरीउड्या, फुगडी. सहा मिनिटं खेळ, दोन मिनिटं दम, मग गट बदला. दोन फेऱ्यांत ४८ मिनिटं होतात. गणेशचवथीच्या तोंडावर फुगडीला कुणाचा नकार येत नाही, आणि चांगला दम लागतो. फरशी ओली असेल तर लंगडी बंद, पाय मुरगळतो.

कपडे सैल, पूर्ण पायाचे, वर मोजे. घट्ट लेगिंगमधून डासाची सोंड आरपार जाते. डास पळवणारं मलम घोटे, हात, मानेला लावायचं. घामानं पुसलं जातं, तेव्हा मध्ये पुन्हा लावा.

वाळपई_परिचारिका
ताप उतरला म्हणजे मुलगी बरी झाली असं नव्हे. उतरल्यानंतरचे २४ ते ४८ तासच जास्त जोखमीचे. पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, पाळीत नेहमीपेक्षा जास्त रक्तस्राव यांतलं काही दिसलं तर तडक इस्पितळात न्या.

थकवा काही आठवडे टिकू शकतो. डॉक्टरांनी हो म्हटल्यावर आधी चालणं आणि अंग ताणण्याचे व्यायाम, मग दोरी. प्लेटलेट सामान्य झाल्याशिवाय खो-खो, कबड्डी नको. धक्का, पडणं आलंच.

एक गोष्ट सहसा सुटते. पाळीच्या दुखण्यावर मुली परस्पर मेफेनॅमिक ॲसिडची गोळी घेतात. साथीत अंगात ताप असेल तर ती, आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन काहीच नको, रक्तस्रावाचा धोका वाढतो. तापावर फक्त पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत. आणि तापाच्या मुलीला दिवसाही मच्छरदाणीत ठेवायला सांगा. तिला चावलेला डासच पुढे दुसरीला देतो.