शब्दचर्चा : सॅलडमधल्या ‘हर्ब्ज’ना मराठीत काय म्हणायचं?

पसरणी_घाट
मदत हवी आहे, जरा घाईची. माझ्या मावसभावाचं वाईजवळ शेडनेट आहे. लेट्यूस, पार्सली, बेसिल, पुदिना असला माल. आधी सगळा पाचगणी-महाबळेश्वरच्या हॉटेलांना जायचा, आता तो साताऱ्यात घरपोच पिशव्या देतो आणि प्रत्येक पिशवीत पाककृतीचा एक कागद टाकतो. मूळ इंग्रजी कागदावर उन्हाळ्यात तरतरी आणणाऱ्या ग्रीन सॅलडची कृती आहे, ताजी हर्ब्ज घालून. पुतण्यानं ती मोबाइलवरून मराठीत करून घेतली आणि न वाचता छापली : ‘ताज्या औषधी वनस्पतींसह हिरवी कोशिंबीर’. पोवई नाक्यावरच्या एका काकूंचा फोन आला, गुडघेदुखीवर चालेल का म्हणून. दुसऱ्या एकांनी विचारलं, जेवणाआधी घ्यायचं की नंतर?
आता नवे कागद छापायचेत. हर्ब्जना काय लिहू? आणि सॅलडला कोशिंबीर म्हटलं तर चालेल का? वहिनी म्हणते, कोशिंबीर वाचलं की लोक लेट्यूसवर दही ओतणार.

नुसताच_वाचतो
हर्ब्जच लिहा. पार्सली विकत घेणाऱ्याला हर्ब्ज कळतं. ज्याला कळत नाही तो पार्सली घेणार नाही.

शब्दव्रती
वरील सल्ला म्हणजे शरणागती आहे. शिवछत्रपतींनी फारशी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला, त्यात खाण्यापिण्याच्या नि भोगाच्या वस्तूंसाठी वेगळा भोग्यवर्ग आहे. ज्या साताऱ्यात मराठ्यांची गादी होती तिथं पालेभाजीच्या कागदावर ‘हर्ब्ज’ छापायचं?
शिवाय ‘औषधी’ शब्दाला हसण्याआधी मूळ पाहा. अमरकोशात ‘ओषध्यः फलपाकान्ताः’ असं आहे. फळ पिकलं की जिचं आयुष्य संपतं ती ओषधी. भात, गहू, कोथिंबीर, शेपू, सगळ्या ओषधीच. तिच्यापासून झालं ते औषध. म्हणजे यंत्रानं केलेलं भाषांतर वाटतं तितकं वाईट नाही. ‘औषधी’ऐवजी ‘ओषधी’ छापा, काम झालं.

हरिपूरची_वांगी
शब्दव्रती, एका मात्रेनं काकूंचे गुडघे थांबणार आहेत का?
आणि तुमच्या व्याख्येनं केळ ही पहिली ओषधी. घड दिला की संपली बिचारी. उलट पुदिना एकदा मोरीच्या पाण्यावर लागला की वर्षानुवर्षं मरत नाही, म्हणजे तो बाहेर. रोझमेरी तर सरळ झुडूप. मग कागदावर लिहा : ओषधी घालावी, म्हणजे केळ घालावं, पुदिना घालू नये.
‘वनस्पती’चं तर नावच काढू नका. आमच्या आईच्या पिढीला वनस्पती म्हटलं की डालड्याचा डबा दिसतो. ‘ताज्या वनस्पतींसह’ वाचून ती म्हणाली असती, त्यापेक्षा साजूक तूप घाला.

मिरजेची_सून
मंडईत शब्द आहे की! ‘हिरवा मसाला’. मी मूळची डोंबिवलीची, लग्नानंतर मिरजेत आले. पहिल्याच बाजाराला भाजीवाल्या मावशींना म्हटलं, थोडी कोथिंबीर, थोडा कढीपत्ता आणि दोन मिरच्या द्या. त्या म्हणाल्या, ‘मसाला म्हना की सरळ.’ तेव्हापासून मी मसालाच म्हणते. आल्याचा तुकडाही त्यातच येतो. भाजी जास्त घेतली तर फुकट.

पसरणी_घाट
हे चांगलं वाटतंय. ‘ताजा हिरवा मसाला घालून’. पण सॅलडमध्ये मसाला म्हटल्यावर लोक मिक्सर काढणार नाहीत ना?

हरिपूरची_वांगी
काढणार. हिरवा मसाला म्हणजे सांगलीत तरी वाटण. चिकनला लावायचं.

मिरजेची_सून
वाटलेला तो वाटण, न वाटलेला तो मसाला. यात काय गोंधळ आहे?

वाळव्याचा_गडी
तुमी लोक शेरात ऱ्हाता म्हनून ह्यो घोळ. आमच्याकडं ह्याला ‘पाला’ म्हनत्यात. मुळ्याचा पाला, कांद्याची पात, कवळी मेथी, कवळी करडई. रानात भाकरी सोडली की बांधावरचं खुडायचं, चटणीवर तेल सोडायचं, संगं खायचं. झालं तुमचं ग्रीन सॅलड.
आनि हरभरा इसरला सगळी. थंडीत पहाटे हरभऱ्याच्या पानावर आंब असती. पूर्वी लोक फडकं फिरवून ती गोळा करायची, पिळून ठिवायची. कवळा शेंडा तसाच तोंडात टाकला तर मीठ नको, लिंबू नको. त्या पार्सलीला अशी आंबट चव हाय का?

जतकर
गडी, ‘पाला’ बरोबर आहे, पण छापल्यावर शेळीचा वाटेल. ‘झाडपाला’ केलं तर पुन्हा वैदूकडेच पोचलो.
मला कोशिंबिरीबद्दल बोलायचंय. आमच्या जत भागात निम्मी गावं कन्नड बोलतात. माझ्या आजीच्या घरी ‘कोसंबरी’ म्हणत. भिजवलेली मूगडाळ, काकडी, ओलं खोबरं, कोथिंबीर, वर मोहरीची फोडणी. रामनवमीला पानकाबरोबर हमखास. तिच्यात दही कधीच नसे. हेच घाटावर येऊन कोशिंबीर झालं असणार. तेव्हा वहिनींना सांगा, कोशिंबीर म्हणजे दही हा सिद्धान्त कृष्णेच्या उत्तरेचा आहे.

शब्दव्रती
कशावरून कन्नडातून मराठीत? उलटही असेल. संस्कृतात कोथिंबिरीला कुस्तुंबरी म्हणतात. कुस्तुंबरीपासून कोथिंबीर, आणि कोथिंबीर जिच्यात घालतात ती कोशिंबीर. सरळ आहे.

जतकर
सरळ कसं? कोथिंबीर आम्ही आमटीतही घालतो. तिला काय म्हणू, कोथमटी?

अर्धा_तेलुगू
वाद घालताय तर यात एक अजून भर. माझी आई हैदराबादची, वडील कऱ्हाडचे. तुम्ही सगळे ‘पचडी’ विसरलात. तेलुगूत ‘पच्चि’ म्हणजे कच्चं आणि हिरवंही. त्यावरून पच्चडी. म्हणजे ग्रीन सॅलडचं शब्दशः भाषांतर तुमच्या स्वयंपाकघरात आधीपासून आहे. मेथीची पचडी, मुळ्याची पचडी, कोबीची पचडी. पानं कच्ची, चिरून, दही नाही. बसतंय की नाही?
तेलुगूत मात्र पच्चडी ही बहुतेक वेळा चटणी असते, त्यामुळे आईसमोर मी हा शब्द सॅलडला वापरत नाही.

हरिपूरची_वांगी
आमच्या आजोबांची व्युत्पत्ती : पचायला हलकी म्हणून पचडी. मुळ्याची खाऊन बघा, मग पटणार नाही.

टिळक_स्मारकामागे
पचडीत दही नसतं हे कुणी ठरवलं? आमच्याकडे कोबीच्या पचडीत दही असतंच, आणि काकडीच्या कोशिंबिरीत नसतं, तिला दाण्याचं कूट नि फोडणी. त्या काकडीला ‘खमंग काकडी’ म्हणतात, पण ती कोशिंबीरच.

मिरजेची_सून
खमंग काकडी ही कोशिंबीर नाही. खमंग काकडी ही खमंग काकडी आहे.

नुसताच_वाचतो
ढाब्यावर ‘ग्रीन सॅलड’ मागवा. कांदा, टोमॅटो, काकडी, गाजर, बीट. हिरवं काय, तर एक मिरची आणि काकडीची साल. मुळात इंग्रजी शब्दाचाच आपण वेगळा अर्थ करून ठेवलाय, आणि भांडण मराठीवर.

शब्दव्रती
‘सॅलड’ म्हणजे तरी काय? लॅटिन ‘साल’ म्हणजे मीठ. खारवलेलं ते सॅलड. त्यासाठी आपल्या भाषेत शब्दांचा दुष्काळ नाही.

हरिपूरची_वांगी
मग लोणचं लिहा. लवणावरनंच आलंय ते.
आणि शब्दव्रती, तुम्ही ‘पुदिना’ चालवून घेताय, तो फारशी. कोशिंबिरीतली हिरवी मिरची अमेरिकेतली, पोर्तुगिजांनी आणलेली. टोमॅटोही तिकडचाच. एवढं सगळं काढून झालं की ताटात मीठ उरतं. म्हणजे तुमचं लॅटिन बरोबर ठरतं.

खाऊन_बोला
इथं कुणी लेट्यूस हातात घेतलंय का? मी दोन वर्षं पाचगणीत एका शाळेच्या भटारखान्याचं काम बघत होते, तिथं रोज व्हायचं. शब्दाचं नंतर बघा, आधी त्या कागदावरची क्रियापदं बघा, कारण पदार्थ तिथं बिघडतो. यंत्रानं नक्की ‘चिरून मिसळा’ लिहिलं असणार.
लेट्यूस चिरायचं नाही, हातानं तोडायचं. आधी बर्फाच्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं बुडवून ठेवायचं. मलूल पान पाणी पिऊन पुन्हा ताठ होतं. मग पंच्यात गुंडाळून झटकायचं, अगदी कोरडं. ओल्या पानावर तेल चिकटत नाही, सगळं तळाशी जाऊन बसतं. पुदिना नि बेसिल यांना बोथट सुरी लागली की कडा काळ्या पडतात, म्हणून तीही खुडून टाकायची. पार्सलीला मात्र धार चालते, आपल्या कोथिंबिरीसारखी बारीक करायची, देठं आमटीला.
वरचं पाणी : तीन वाटे तेल, एक वाटा लिंबू, बाटलीत घालून जोरात हलवायचं. घाण्याचं शेंगदाणा तेल एकटं वापरलं तर पानांचा वास मरतो, मी निम्मं बिनवासाचं घेते. मीठ आणि लिंबू अगदी ताटं मांडल्यावर. मिठानं पान पाणी सोडतं आणि लिंबानं हिरवा रंग थोड्या वेळात खाकी होतो. ‘तयार करून तासभर मुरू द्या’ असं काही कागदावर आलं असेल तर आधी ते खोडा.
आंबटगोड हवं तर तासगावचे बेदाणे चिमूटभर, भाजलेले तीळ. वाळव्याच्या भाऊंची हरभऱ्याची पानं मिळाली तर लिंबू कमी करा. आणि याला काय म्हणता ते म्हणा, फक्त दही घालू नका.

पसरणी_घाट
ताई, फार आभार. कागदावर खरंच ‘बारीक चिरून मुरवत ठेवा’ आहे.

टिळक_स्मारकामागे
‘वरचं पाणी’ म्हणजे ड्रेसिंग? तेलाला पाणी कसं म्हणता?

खाऊन_बोला
भटारखान्यात म्हणायचे. तुम्ही ‘मलमपट्टी’ म्हणा.

मिरजेची_सून
क्रियापदांचा मुद्दा भारी आहे. मेथी निवडतात, कोथिंबीर चिरतात, फुलं खुडतात, कढीपत्ता ओरबाडतात. इंग्रजी कागदात सगळ्याला एकच चॉप. बेसिलला ‘खुडून’ लिहा. ज्याला खुडणं कळतं त्याला पान किती कोवळं हवं तेही कळतं.

शब्दव्रती
बेसिलला ‘तुळस’ लिहावे. परका शब्द कशाला?

टिळक_स्मारकामागे
अहो, वृंदावनातली तुळस खुडून लेट्यूसमध्ये? आमच्या सासूबाई पिशवी परत पाठवतील. घरातल्या माळकऱ्यांना तर सांगायलाच नको.

अर्धा_तेलुगू
ती तुळस नव्हेच. घरची तुळस वेगळी जात. इटालियन बेसिल म्हणजे आपल्या सब्ज्याचं झाड, फालुद्यात जे बी टाकतात ते. जात तीच, वाण वेगळा, पानं मोठी. तेव्हा ‘सब्जाची पानं’ लिहिलं तर खोटं होत नाही आणि सासूबाईही शांत.

जतकर
या नादात आठवलं. मरवा गजऱ्यात घालतो तो म्हणजे मार्जोरम, पाश्चात्त्य स्वयंपाकातलं हर्ब. जोतिबाला चैत्रात वाहतो तो दवणा, आणि फ्रेंच लोक सॉसमध्ये घालतात ते टॅरागॉन, दोघं एकाच कुळातली भावंडं. म्हणजे आपल्याकडं ही पानं आहेत, फक्त आपण ती देवाला आणि केसाला दिली, ताटाला नाही. मग शब्दही तिथलाच घ्यावा. ‘वासाची पानं’ कसं वाटतं?

हरिपूरची_वांगी
‘वासाची’ म्हटलं की शिळी. ‘वास येतो’ हे मराठीत कधी कौतुकानं म्हणतात का?

जतकर
‘वासाचा तांदूळ’ म्हणतात. आंबेमोहोर काय नाकाला फडकं लावून खातो का आपण?

शब्दव्रती
सुगंधी पर्णे.

नुसताच_वाचतो
उदबत्ती.

पसरणी_घाट
छापखान्याला आज संध्याकाळी मजकूर द्यायचा आहे. आतापर्यंत : हिरवा मसाला, पाला, वासाची पानं, सुगंधी पर्णे, ओषधी. आणि पदार्थाला पचडी किंवा कोशिंबीर. भाऊ म्हणतो, पचडी लिहिलं तर चाळीस रुपयांची पिशवी कुणी घेणार नाही, सॅलड लिहिलं तर घेतील. कुणी एकदाचं ठाम सांगेल का?

वाळव्याचा_गडी
भाऊ खरं बोलतोय. मेथी दहाला जुडी, तिची पचडी. लेट्यूस चाळीसला, त्याचं सॅलड. शब्दाचा भाव वेगळा हाय.
बरं, तुमच्या शेडनेटात घोळ लावा की. आमच्याकडं तण म्हनून उपटून टाकत्यात. लिंबासंगं कच्ची खाल्ली तर त्या लेट्यूसच्या बापाला ऐकत न्हाई.

अर्धा_तेलुगू
घोळ म्हणजे पर्सलेन. लेबनॉनकडच्या फत्तूश सॅलडमध्ये हीच घालतात, भाकरीसारख्या ब्रेडचे कुरकुरीत तुकडे आणि पुदिन्याबरोबर. तिकडे पैसे देऊन घेतात.

वाळव्याचा_गडी
घ्या. आनि आमी खुरपून बांधावर टाकतोय.

टिळक_स्मारकामागे
घोळ म्हणजे बारीक पानांची, जमिनीला चिकटून पसरते तीच ना? आमच्याकडे तिला चिघळ म्हणतात.

वाळव्याचा_गडी
न्हाई. घोळीचं पान मोठं, जाड. बारीक ती चिवळ. चिघळती ती जखम.

टिळक_स्मारकामागे
चिघळच. आमच्या मंडईत चिघळ म्हणूनच मिळते, हवं तर उद्या फोटो टाकते.

जतकर
फोटोत नाव कुठं दिसणार? पण टाका, पान बघू.