१९६६ मस्टँग: वायपरखालच्या जाळीतलं पाणी पायाशी गळतंय. पत्रा उघडावा की खालून बंद करावं?

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे १९६६ची फोर्ड मस्टँग आहे, दोन दारांची, सहा सिलिंडरची. मी न्यू जर्सीत एडिसनला राहतो. गाडीला कारखान्याने दिलेला नंबर ‘६टी’ने सुरू होतो. ६ म्हणजे १९६६ आणि टी म्हणजे मेटचन कारखाना. नाव मेटचनचं असलं तरी कारखाना होता आमच्या एडिसनमध्येच, रूट १वर. २००४ साली तो बंद झाला. म्हणजे ही गाडी माझ्या घरापासून काही मैलांवर तयार झाली आणि इतक्या वर्षांनी पुन्हा गावात आली. त्यामुळे तिच्यात जीव जरा जास्तच गुंतलाय.

गेल्या महिन्यात गाडी दोन दिवस पावसात उभी राहिली. तिसऱ्या दिवशी ड्रायव्हरच्या पायाखालचं कार्पेट पिळून पाणी निघेल इतकं ओलं. आधी वाटलं, काचेचं रबर गेलं. रबरावर सगळीकडून चिकटपट्टी लावून पाणी मारलं, तरी गळतंच. मग डॅशबोर्डखाली पाठीवर झोपून टॉर्च मारला. डाव्या बाजूला हवेचं झाकण आहे ना, त्याच्या वरच्या कडेवर थेंब जमत होता आणि टपकत होता. बोट फिरवलं तर गंजाचे पापुद्रे हातात आले.

ज्यांना ही रचना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. काचेच्या खाली, वायपरपाशी पत्र्यालाच जाळी पाडलेली आहे. तिच्याखाली दोन पत्रे स्पॉट वेल्डने जोडून केलेली आडवी पोकळी आहे. तिच्या तळाला दोन भोकं, एक ड्रायव्हरच्या पायाशी हवा सोडणारं आणि दुसरं उजवीकडे हीटरच्या पंख्याकडे जाणारं. पाणी जाळीतून आत येणार हे धरूनच भोकांभोवती पत्र्याचे उभे काठ ठेवलेत, विहिरीच्या कठड्यासारखे. पाण्याने काठाबाहेरून वाहत दोन्ही टोकांना जायचं आणि फेंडरच्या, म्हणजे पुढच्या चाकावरच्या पत्र्याच्या, मागून खाली पडायचं. चिपळूणच्या घराची पन्हळ अशीच होती. फणसाची पानं अडकली की पाणी उलटं भिंतीत यायचं, आणि आजोबा मृगाच्या आधी शिडी लावून पन्हळ साफ करायचे. या गाडीची पन्हळ बहुधा कुणीच कधी साफ केली नसावी.

व्हॅक्यूमला बागेची बारीक नळी जोडून आतला गाळ ओढला. ओकची पानं, मेपलच्या पंखवाल्या बिया आणि चहाच्या चोथ्यासारखा काळा, ओला लगदा, अर्धी बादली भरली. तो लगदा काठाच्या बुडाशी वर्षानुवर्षं ओल धरून बसला आणि तिथेच पत्रा खाल्ला गेला. पोकळीच्या आतून धड रंगही दिसत नाही.

आता प्रश्न. इथल्या गॅरेजवाल्याचं म्हणणं आहे की काच, फेंडर, डॅशबोर्ड सगळं काढायचं, वरच्या पत्र्याचे वेल्ड ड्रिलने सोडवायचे आणि खालचा पत्रा बदलायचा. खर्च गाडीच्या निम्म्या किमतीएवढा. दुसरा उपाय म्हणजे खालून प्लास्टिकचे नवे काठ सीलरने चिकटवायचे. हे टिकतं का? आणि उरलेला पत्रा वाचवण्यासाठी आतून काय मारावं? गाडीला वेगळी चासी नाही, सगळा भार या पत्र्यांवरच आहे, त्यामुळे फ्लोअर कुजला तर मग काहीच हातात राहणार नाही. ज्यांनी हे काम केलंय त्यांनी कृपया लिहा.

जुनापत्रा:
दादा, आधी गळती नेमकी कुठे कुठे आहे ते बघा. उजवीकडचा हीटरचा डबा काढा (हीटरच्या नळ्या सोडण्याआधी कूलंट काढून घ्या), डावीकडचं झाकणही काढा. एकाने जाळीत हळूहळू पाणी ओतायचं आणि दुसऱ्याने आत टॉर्च घेऊन बसायचं. फक्त काठातून गळत असेल तर प्लास्टिकचे काठ चालतील. माझ्या ६७मध्ये बसवलेत, सहा पावसाळे झाले. पण पत्रा स्क्रूड्रायव्हर टोचल्यावर दबत असेल तर सीलर धरणार कशाला? मग उघडण्यावाचून गत्यंतर नाही.

आणि एक कळकळीची विनंती, वरून जाळीतून सीलर किंवा घट्ट रंग ओतू नका. तो वाहत कोपऱ्यात जाऊन बसतो आणि पाणी जायची वाटच बुजते. माझ्या गाडीच्या आधीच्या मालकाने नेमकं हेच केलं होतं.

सह्याद्रीची_लेक:
गॅरेजमध्ये हे काम बरंच केलंय म्हणून लिहिते. गाळ काढल्यावर पूर्ण वाळू द्या, पंखा लावून दोन-तीन दिवस. ओल्या पत्र्यावर मारलेलं काहीही टिकत नाही. मग सुटा गंज खरवडून रस्ट कन्व्हर्टर, म्हणजे उरलेला गंज निष्क्रिय करणारं रसायन. काठ चिकटवून सीलर वाळला की सगळ्यात शेवटी कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे पोकळ पत्र्यात मारायचं पातळ मेण, लांब नळीच्या नोझलने सगळीकडे. आधी मेण मारलंत तर सीलर चिकटणार नाही.
टोकांच्या वाटा बघायला फेंडरच्या आतला चिखलरोधक पत्रा काढा. तिथेही पानांचा ढीग असतो, आणि तो राहिला तर वरची सगळी मेहनत वाया. गाडी झाडाखाली उभी करत असाल तर जाळीवर टाकायचं चुंबकाचं कव्हर घ्या, फक्त चालवताना आठवणीने काढा.

धागाकर्ता:
दोघांचेही मनापासून आभार. शनिवारी मुलाला आत बसवून पाणी ओतलं. उजवी बाजू कोरडी, डावीकडे काठाच्या बुडाशी तीन ठिकाणी गळती. टोचून पाहिलं, भोवतीचा पत्रा घट्ट आहे. डाव्या फेंडरमागून अजून दोन मुठी पानं निघाली, आणि ती काढताच पाणी धो धो बाहेर पडलं. सध्या पंखा लावून ठेवलाय. प्लास्टिकचे काठ मागवलेत, दोन्ही बाजूंना बसवतो. सीलर पूर्ण सुकायला किती दिवस द्यावेत? इथे रात्री आता पाच-सहा अंशांवर उतरतंय.