कसबा की रविवार पेठ? रात्री साडेनऊला ड्युटी सुटते, आई घरी एकटी असेल

रात्रपाळी_सांगली

नमस्कार. मी नर्स आहे. नऊ वर्षं सांगलीत नोकरी केली, आता पुढच्या एक तारखेला पुण्यात रास्ता पेठेतल्या एका रुग्णालयात रुजू होतेय. सोबत आई येणार. वय ६८, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, काठी घेऊन चालते. घरात आम्ही दोघीच.

इव्हिनिंग ड्युटी रात्री नऊला सुटते, हँडओव्हर देऊन बाहेर पडेपर्यंत साडेनऊ. महिन्यातून आठ-दहा नाइट असतील, तेव्हा आई रात्रभर एकटी. म्हणून चालत जाता येईल अशी जागा शोधतेय. दोन जागा पाहून आले.

एक कसबा पेठेत, तांबट आळीच्या जवळ. जुना वाडा, पहिला मजला, दोन खोल्या, लाकडी जिना, भाडं ९,०००. घरमालक बोलायला चांगले वाटले. दुसरी रविवार पेठेत बोहरी आळीच्या बाजूला. सिमेंटची इमारत, तिसरा मजला, खाली होलसेलची दुकानं, भाडं १३,५००. एजंट म्हणाला, "इथे इतकी वर्दळ असते की भीतीचं नावच नको."

भाऊ पेठेचं नाव काढलं तरी चिडतो. त्याने मला २०२३ च्या जूनमधला सदाशिव पेठेतल्या कोयत्याच्या हल्ल्याचा व्हिडिओ पाठवला आणि म्हणाला, धायरीला सोसायटीत फ्लॅट घे, वॉचमन असतो. पण धायरीहून रास्ता पेठेत यायचं म्हणजे रात्री दहाला बसस्टॉपवर उभं राहणं आलं. तो रस्ता सुरक्षित आणि हा नाही, हे कशावरून ठरवायचं तेच मला कळत नाही.

दोन्ही जागा मी सकाळी अकराला पाहिल्या. टोकन शनिवारपर्यंत द्यायचंय. तुम्ही माझ्या जागी असता तर काय काय बघितलं असतं?

शनिवारातला

जन्म शनिवार पेठेत, आज ४१ वर्षं इथेच. रात्री एक वाजता चालत घरी येतो, कधी काही झालं नाही. पेठेत लोक एकमेकांना ओळखतात. बिनधास्त या ताई.

कसब्यातली

वरच्या दादांचं खोटं नाही. पण ते पुरुष आहेत आणि त्यांना त्यांचा अख्खा बोळ ओळखतो. नव्या बाईला ती ओळख मिळायला सहा महिने तरी लागतात. तुम्हाला पहिल्याच आठवड्यात रात्री साडेनऊला यायचंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी ५४ वर्षांची, कसब्यातच वाढले, लग्न होऊनही कसब्यातच राहिले.

पहिलं म्हणजे पेठेच्या नावावर जाऊ नका. बुधवार पेठ म्हटलं की बाहेरची माणसं तोंड फिरवतात, पण दगडूशेठ गणपती बुधवारात, अप्पा बळवंत चौकातली पुस्तकांची दुकानं बुधवारात, आणि तिथे पिढ्यान्‌पिढ्या संसार करणारी माणसं आहेत. उलट तुमच्या भावाने पाठवलेला प्रकार सदाशिव पेठेत भरदिवसा घडला. हल्ला करणारा त्या मुलीच्या ओळखीचाच होता आणि तिला वाचवलं ते रस्त्यावरून जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी. ओळखीच्या माणसापासून कुठलीच पेठ वाचवत नाही, धायरीचा वॉचमनही नाही. पण धावून यायला माणसं हवीत. तुमच्या येण्याच्या वेळेला तुमच्या रस्त्यावर कोण असतं, एवढं बघा.

त्यासाठी उद्या किंवा परवा रात्री साडेनऊला रुग्णालयाच्या फाटकातून निघा आणि दोन्ही घरांपर्यंत चालत जा. दारूवाला पुलावरून फडके हौदाकडे यायचं. पुलाखालून नागझरीचा ओढा जातो, त्या काठाला आत वळणारे बोळ टाळायचे, मुख्य रस्ताच धरायचा. चालताना उघडं काय आहे ते मोजा. मेडिकल, अमृततुल्य, दूध-अंड्याचं दुकान, इस्त्रीवाला. ओट्यावर बायका बसल्यात का बघा. जिथे रात्री दहाला बायका ओट्यावर बसून गप्पा मारतात, तिथून मी माझ्या मुलीला एकटी पाठवते. जिथे फक्त पुरुष उभे असतात आणि तुम्ही जवळ आलात की बोलणं थांबतं, तिथून दुसऱ्या दिवशीही जाऊन बघा, मगच काय ते ठरवा.

बोहरी आळीबद्दल एजंटने तुम्हाला अर्धंच सांगितलं. दिवसा तिथे पाय ठेवायला जागा नसते हे खरंच. पण ती गर्दी गिऱ्हाइकांची आणि हमालांची. दुकानांची शटरं पडली की ती सगळी आपापल्या घरी जाते आणि मागे उरतात हातगाड्या, टेम्पो आणि कुत्री. कुत्र्यांचं हसण्यावारी नेऊ नका, काठी घेऊन चालणाऱ्या माणसावर ती हमखास भुंकतात. वरच्या मजल्यांवर किती घरांत माणसं राहतात आणि किती गोडाऊन आहेत ते खालून दिव्यांवरून कळतं. तिसऱ्या मजल्यावर तुमचा एकच दिवा लागणार असेल, तर नाइटला आईला तिथे ठेवू नका.

तांबट आळीचं उलटं आहे. दिवसभर तांब्यावर ठोके चालू असतात, सुरुवातीला डोकं उठेल. पण घरं आणि कामाच्या जागा एकमेकांना लागून आहेत, दारं उघडी असतात. "आजी आज खाली आल्या नाहीत" हे तिथे कोणाच्या तरी लक्षात येईल. तुमच्यासारखीला याची किंमत मोठी आहे.

आता ज्याच्यासाठी मी मुळात लिहायला बसले ते. तुम्ही चोराला घाबरताय, मी त्या वाड्याला घाबरते.

लग्नानंतर आम्ही कसब्यातल्याच एका वाड्यात भाड्याने राहायचो. शेजारचा वाडा पाडला, बिल्डिंग करायची म्हणून. आमच्या दोघांची भिंत सामाईक होती, ती उघडी पडली. आत मातीच होती, वरून गिलावा. दोन महिने ती तशीच. ऑगस्टमध्ये सलग चार दिवस पाऊस लागला आणि एका रात्री तीनच्या सुमाराला माती खचल्याचा आवाज आला, पोतं ओतावं तसा. माझी मुलगी तेव्हा दोन वर्षांची. तिला पांघरुणात गुंडाळून आम्ही जिन्याने खाली आलो आणि समोरच्यांच्या ओसरीवर सकाळपर्यंत बसलो. स्वयंपाकघराची अर्धी भिंत गेली. नंतर कळलं की वाडा धोकादायक असल्याची नोटीस मालकाकडे जूनमध्येच आली होती. त्याने ती घडी घालून ठेवली होती, आम्हाला कोणाला सांगितलं नाही. तो माणूसही बोलायला फार चांगला होता.

म्हणून वाड्यात गेलात की मालकाशी बोलत बसू नका. बाजूचा वाडा पाडलाय का, सामाईक भिंतीला पोट आलंय का, ते बघा. कडीपाटाच्या तुळयांना खालून टेकू दिलेत का. जोत्याजवळ घुशींची बिळं दिसली तर भिंत आतून पोकळ समजा. विजेचे मीटर लाकडी जिन्याखाली असतील आणि बाहेर पडायला तोच एक जिना असेल, तर ९,००० काय, फुकट दिली तरी ती जागा नको. आई काठी घेऊन त्या जिन्यावरून किती वेळात उतरेल? आणि संडास मजल्यावर आहे की खाली चौकात?

पावसाळ्याआधी महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा देते. या वाड्याला मिळाली होती का, हे खालच्या मजल्यावरच्या भाडेकरूला विचारा. कसबा-विश्रामबागवाडा क्षेत्रीय कार्यालयातही जाऊन विचारा. अर्धा दिवस जाईल, जाऊ द्या.

करारवाला_नारायण

भाडेकरार नोंदवायचं काम करतो, त्यामुळे तेवढ्यापुरतं सांगतो.

जुन्या वाड्यात आधी विचारा, भाड्याने देणारा मालक आहे की पागडीचा भाडेकरू, म्हणजे पूर्वी एकरकमी पैसे देऊन थोड्या भाड्यात कायमचा राहत आलेला. पागडीवाला तुम्हाला पोटभाडेकरू म्हणून ठेवत असेल आणि मूळ मालकाशी त्याचा दावा चालू असेल, तर तुमचं डिपॉझिट अधांतरी. मिळकतकराची पावती आणि वीजबिल दोन्ही बघायला मागा. नावं वेगळी निघाली तर कारण विचारा.

करार लेखी आणि नोंदणी केलेलाच हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम ५५. नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. करार नोंदलेला नसेल आणि वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्याच अटी धरल्या जातात. "आपण घरचेच, कागद कशाला" म्हणणाऱ्याची जागा घेऊ नका. भाडेकरूची माहिती पोलिसांकडे भरली जातेय ना तेही बघा. एकट्या बाईचं नाव ठाण्यात नोंदलेलं असणं चांगलंच.

आणि भावाला व्हिडिओऐवजी हे दाखवा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर एफआयआर पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकले जातात. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर ठाणं आणि तारीख टाकून शोधता येतात. तुम्ही या भागातल्या फरासखाना पोलीस ठाण्याचे मागच्या दोन-तीन महिन्यांचे काढा. १ जुलै २०२४ पासून कलमं बदलली आहेत. भारतीय न्याय संहितेत ३०३ म्हणजे चोरी, ३०४ हिसकावून नेणं, ३०५ घरातली चोरी. यातलं काय जास्त आहे आणि घटनास्थळ कोणतं लिहिलंय, ते वाचा. बाजाराच्या गर्दीत पाकीट मारणं आणि रात्री बोळात गळ्यातलं ओढणं यात तुमच्यासाठी फार फरक आहे. मात्र महिलांवरच्या अत्याचारासारखे संवेदनशील गुन्हे तिथे टाकत नाहीत, त्यामुळे यादीत नाही म्हणजे घडलंच नाही असं धरू नका.

मंडईमागे

एक राहिलं. गणपतीत विसर्जनाची मिरवणूक चोवीस तासांहून जास्त चालते, तेव्हा लक्ष्मी रस्ता ओलांडणं मुश्किल. आईला त्या वेळी काही झालं तर गाडी कुठल्या बाजूने येईल, हे शेजाऱ्यांना आत्ताच विचारून ठेवा. तसंही तुमच्या बोळात रुग्णवाहिका शिरते का, की खुर्चीवर बसवून चौकापर्यंत आणावं लागतं?

रात्रपाळी_सांगली

काल रात्री चालून आले. कसब्यातली ताई, तुम्ही लिहिलं नसतं तर मी शनिवारी रविवार पेठेचं टोकन दिलं असतं. साडेनऊला त्या गल्लीत एक मेडिकलसुद्धा उघडं नव्हतं. इमारतीत वर दोन दिवे होते, त्यातला एक जिन्याचा.

तांबट आळीच्या बाजूला मात्र बरं वाटलं. कोपऱ्यावर इस्त्रीवाला होता, दोन घरांचे ओटे भरलेले होते. वाड्यात खालच्या काकूंना नोटिशीचं विचारलं. त्या काही बोलल्या नाहीत, नुसतं मागच्या भिंतीकडे नेलं. तिथे तीन टेकू लावलेले आहेत. दिवसा मालकांनी मला त्या बाजूला नेलंच नव्हतं. मीटर जिन्याखालीच.

वाडा नको म्हणून कळवलं. त्याच काकूंनी पलीकडच्या बोळातली एक जागा सांगितली. सिमेंटची इमारत, तळमजला, संडास आत, ११,५००. मालकीणबाई वरच राहतात. करार नोंदवायला तयार आहेत, मिळकतकराची पावती दाखवते म्हणाल्या. रुग्णवाहिका बोळाच्या तोंडापर्यंतच येते, तिथून दार वीस पावलं आहे, मी मोजली. एफआयआर आज रात्री ड्युटीनंतर भावासोबत फोनवर बसून वाचणार आहे. शनिवारी संध्याकाळी आईला घेऊन येते आणि अंधार पडल्यावर तिलाच त्या बोळातून चालायला लावते. तिला जमलं तर टोकन देईन.