१३ वर्षांचा लॅब्रॉडॉर, किडनीचा आजार: उरलेले दिवस चांगले कसे जातील?

राजारामपुरीकर
नमस्कार मंडळी. ब्रुनो, लॅब्रॉडॉर, वय १३, वजन २४ किलो (आधी ३१ होतं). रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी किती काम करते ते सांगणारी तपासणी) ४.१. डॉक्टर म्हणाले तिसरा टप्पा, बरा होणार नाही, पण सांभाळता येईल. हृदय तपासून झालंय, ठीक आहे. सलाइन घरीच कातडीखाली, दिवसाआड २५० मिली द्यायला सांगितलंय. दोन दिवस खातो, तिसऱ्या दिवशी ताटाकडं बघत नाही. मागचे पाय फरशीवर घसरतात. घरच्यांचं म्हणणं, आता कशाला पथ्य, रविवारी मटण-रस्सा घाला, एकदा पन्हाळ्याला फिरवून आणा. कसं करावं?

शुक्रवार_पेठ
दादा, पन्हाळा राहू दे बाजूला, आधी मळमळ थांबवा. किडनीच्या कुत्र्याची भूक मरत नाही, त्याला मळमळतं. ओळखायची खूण: ताटापाशी येतो, वास घेतो, ओठ चाटतो आणि मान फिरवून जातो. लाळ गळते, सकाळी पिवळं पाणी ओकतो, गवत खातो. असं असेल तर डॉक्टरांकडून उलटीचं औषध मागून घ्या (मॅरोपिटंट किंवा ऑन्डान्सेट्रॉन, डोस तेच ठरवतील). खाण्याच्या अर्धा-एक तास आधी द्यायचं. तोंडही उघडून बघायला सांगा. रक्तात युरिया (किडनीनं बाहेर टाकायची घाण) वाढला की हिरड्यांवर, जिभेच्या कडेला फोड येतात, मग भूक असूनही चावता येत नाही.

आता रस्सा. तांबडा असो की पांढरा, वाटीभरसुद्धा नको. कांदा-लसणानं कुत्र्याच्या लाल पेशी फुटतात, आणि या किडनीला तेवढंच निमित्त पुरतं. खोबरं-तिळाच्या वाटणाचं तेल पोटाला वेगळं. पाया, नळीचं सूपही नको. लोक ताकद येते म्हणून पाजतात, पण हाडातलं फॉस्फरस किडनीला नकोच असतं. कलेजी त्याच कारणानं बंद.

काय चालेल: बिनहाडाचं चिकन बारीक तुकडे करून भरपूर पाण्यात उकडायचं आणि ते पाणी फेकून द्यायचं. बरंचसं फॉस्फरस पाण्यात उतरतं. त्यात मऊ भात, उकडलेला दुधी, अंड्याचा फक्त पांढरा भाग. मीठ नाही. कोमट करून द्या, वास सुटला की खातो. दोन मोठ्या जेवणांपेक्षा चार छोटी बरी. फॉस्फरस बांधणारं औषध चालू असेल तर ते घासातच कालवायचं. उपाशीपोटी दिलं तर फुकट जातं, आणि बहुतेक घरांत ते उपाशीपोटीच दिलं जातं.

आणि एक. किडनीचं डबाबंद खाणं महाग असतं, म्हणून संपेपर्यंत तेच पुढं करत बसू नका. दोन दिवस उपाशी राहण्यापेक्षा साधं चिकन-भात खाल्लेलं हजारदा बरं.

कसबा_बावडा
वरच्यांशी सहमत. मी फक्त सलाइनबद्दल लिहितो, कारण घरी तिथंच गडबड होते.

बाटली कोणती ते डॉक्टरांनी लिहून दिलं असेल, बहुधा रिंगर लॅक्टेट. दुकानात ‘सलाइन द्या’ म्हणून डेक्स्ट्रोजची घेऊन येऊ नका, ती कातडीखाली द्यायची नसते. बाटली बादलीत कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवा आणि मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून बघा. थंड सलाइन गेलं की अंग काढून घेतो आणि पुढच्या वेळी बाटली दिसताच पलंगाखाली.

सुई १८ नंबरची. घरचे भीतीनं बारीक मागतात, मग पाच मिनिटांचं काम वीस मिनिटं चालतं. टोचण्यापेक्षा त्याला धरून ठेवलेल्याचा जास्त त्रास होतो. नळीतली हवा काढून घ्या. बाटली त्याच्या पाठीपासून तीनेक फूट वर, खिडकीच्या गजाला अडकवा. दोन्ही खांद्यांच्या मधली सैल कातडी चिमटीत उचलली की खाली खळगा होतो. सुईचं तिरकं तोंड वर ठेवून त्या खळग्यात, पाठीला समांतर. केस ओले झाले तर सुई पलीकडून बाहेर आली आहे. थेंब पडत नसेल तर सुई जरा फिरवा, बहुतेक वेळा टोक कातडीला चिकटलेलं असतं. नंतर जागा अर्धा मिनिट चिमटीत दाबून धरा.

उंटासारखं मदार येईल, ती खाली सरकून पुढच्या पायाशी लोंबेल. घाबरायचं नाही, काही तासांत जिरते. दुसऱ्या दिवशीही तशीच असेल तर पुढचं सलाइन न देता फोन करा. झोपेत श्वास मोजायची सवय लावा: मिनिटाला ३० च्या वर सलग जायला लागला तर पाणी छातीत साठत असू शकतं, तेव्हाही सलाइन थांबवून लगेच दाखवा. सुई दर वेळी नवी. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत साठवून दवाखान्यात द्या, घंटागाडीत नको.

पिण्याचं पाणी रात्री उचलून ठेवू नका. लघवी होते म्हणून लोक भांडं काढतात आणि सकाळी कुत्रं कोरडं पडलेलं असतं. रात्री अकराला आणि पहाटे पाचला खाली न्या, तेवढं पुरतं.

रंकाळा_पहाट
घसरण्यासाठी: पंजाखालचे, गादीच्या मधले केस कापा, नखं कापा. निम्मं घसरणं तिथंच थांबतं. जेवणाच्या जागेपासून दारापर्यंत रबरी मॅटचा पट्टा टाका, तुटक तुटक नको. जिन्यावर जुन्या चादरीची घडी पोटाखालून घालून मागचा भाग उचलून धरा, पुढचे पाय तो स्वतः टाकेल. झोपायला वाकळ, खाली प्लास्टिक. उठत नसेल तर तीन-चार तासांनी कूस बदला, नाहीतर कोपर आणि खुब्यावर जखमा होतात. पावसाळ्यात लघवीनं ओल्या केसांत माशी बसून एका दिवसात अळ्या पडतात, म्हणून शेपटीखालचे केस बारीक ठेवा आणि तिथं रोज हात लावून बघा.

दुखतंय असं वाटलं तरी घरातली डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन अजिबात नाही. मेलॉक्सिकॅम कुत्र्यांना देतात, पण या किडनीला तेही धोक्याचं. दुखण्यावर गॅबापेंटिन चालतं, डॉक्टरांना विचारून, कमी डोसनं, कारण तेही किडनीवाटेच बाहेर पडतं.

पन्हाळा वीसेक किलोमीटर, पण वाघबीळच्या वळणांनी मळमळ वाढेल. त्यापेक्षा सलाइनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला रंकाळ्यावर न्या. चालवायचं नाही, हुंगू द्यायचं. एकाच झाडापाशी पाच मिनिटं उभा राहिला तरी दोरी ओढू नका, त्याचं फिरणं तेच. आठनंतर डांबर तापतं. हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवता आली नाही तर परत फिरा.

राजारामपुरीकर
सगळ्यांचे आभार. ओठ चाटणं अगदी तसंच आहे, उद्याच डॉक्टरांशी बोलतो. एक विचारायचं राहिलं. थांबायचं कधी हे कसं कळतं?

शुक्रवार_पेठ
अमेरिकेतल्या पशुवैद्य ॲलिस व्हिलालोबोस यांची एक मोजपट्टी आहे. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईटापेक्षा चांगले दिवस जास्त का, असे सात मुद्दे. प्रत्येकाला ० ते १०, जास्त म्हणजे चांगलं. बेरीज ३५ च्या वर असेल तर सांभाळणं योग्य. आठवड्यातून एकदा घरातल्या दोघांनी वेगवेगळे गुण द्या, एकमेकांचे न बघता. रोज जवळ असणाऱ्याला हळूहळू होणारी घसरण दिसत नाही. वेदना आणि श्वास मात्र बेरजेत बुडवू नका. श्वासाला धडपडतोय तर बाकीचे गुण कितीही असोत, त्याच दिवशी डॉक्टर.

कायमचं झोपवण्याचं इंजेक्शन डॉक्टर घरी येऊन देतील का, हे आत्ताच विचारून ठेवा. रात्री दोनला शोधाशोध नको. आधी गुंगीचं द्यायला सांगा, मग भुलीचं जास्त डोसमधलं. डोळे उघडे राहतात, लघवी होते, कधी नंतर एखादा श्वास घेतल्यासारखं होतं. घरच्यांना हे आधी सांगा, नाहीतर जिवंत असताना पुरलं असं कुणाच्या तरी मनात राहतं.

पुरायचं असेल तर खड्डा किमान चार फूट, विहिरीपासून लांब. पंचगंगेच्या पूररेषेत नको. भुलीचं औषध शरीरात राहतं, उथळ पुरलं आणि दुसऱ्या कुत्र्यांनी उकरून खाल्लं तर तीही मरू शकतात. स्वतःची जागा नसेल तर महापालिकेच्या आरोग्य विभागात आधीच चौकशी करा.