नववीच्या मुलांना ऑटिझम कसा समजावू?

अनघा_टीचर:
यंदा माझ्या वर्गात ऑटिझम असलेला एक मुलगा आलाय. बाकीची मुलं वाईट नाहीत हो, पण तो कानांवर हात ठेवून डोलायला लागला की टकामका बघत बसतात, परवा एकीने विचारलं "मॅम याच्यावर औषध नाही का?" दोन तास मिळालेत. लक्षणं फळ्यावर लिहून काही होणार नाही असं वाटतं, कुठून सुरू करू?

मंदार_ओटी:
इतिहासापासून करा मॅडम, या वयाची मुलं त्यात रमतात. १९४३ ला बाल्टिमोरच्या डॉ. लिओ कॅनरनी ११ मुलांवर पेपर लिहिला, तिथून ऑटिझम हे वेगळं निदान म्हणून पुढे आलं. पण नंतर कित्येक वर्षं दोष कोणाला, तर आईला! आई माया करत नाही म्हणून मूल असं झालं म्हणे. शिकागोत अशा मुलांची संस्था चालवणाऱ्या ब्रुनो बेटेलहाइमने १९६७ मध्ये यावर अख्खं पुस्तक लिहिलं, आणि त्याच्या मते मुलाला आईबापांपासून तोडून संस्थेत ठेवणं हाच उपचार. १९७७ ला फोलस्टाइन आणि रटर या संशोधकांनी जुळ्यांच्या २१ जोड्या तपासल्या तेव्हा दिसलं की आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. विज्ञानात आनुवंशिकता असतेच, तिथे जोडून घ्या.

रेवा१२:
शॉकचं पण सांगा. साठच्या दशकात कॅलिफोर्नियात लोवास या मानसशास्त्रज्ञांनी ऑटिझम असलेल्या मुलांना थपडा मारून, विजेचे झटके देऊन वागणं बदलायचा प्रयत्न केला. आता ते मागे पडलं, पण मूल चारचौघांसारखं दिसलंच पाहिजे हा हट्ट अजून आहे. माझा लेक हात फडफडवतो, आधीच्या थेरपिस्ट सारखं "हात खाली" करायच्या, आताच्या म्हणतात फडफडवू दे, त्याने तो शांत होतो, त्यापेक्षा त्या त्याला टॅबवर चित्रं दाखवून काय हवंय ते सांगायला शिकवतात, आवाजाचा त्रास होतो तिथे हेडफोन. त्या मुलीला सरळ सांगा, ऑटिझम घालवणारं औषध नाही, झोप, फिट्स, फार चिडचिड यासाठी लागलं तर डॉक्टर देतात.
आणि प्लीज, त्याला आणि आईबाबांना विचारल्याशिवाय वर्गात त्याचं नाव घेऊ नका.

अनघा_टीचर:
नक्की विचारते. तास घेताना त्याला वर्गात बसवू का?

रेवा१२:
त्यालाच विचारा ना, बोलत नसेल तर लिहून किंवा चित्रं दाखवून. आणि दुसऱ्या तासाला मुलांनाच शोधून काढू दे, घंटा, खडखडणारा पंखा, मधल्या सुट्टीचा गोंगाट, यातलं आपल्या वर्गात काय बदलता येईल.