एक आकडा बदलायला सांगितला, अख्खी फाईल नव्यानं लिहिली: टूलनं कमेंट जपायला हव्यात की नकोत?

अर्धविराम:

परवा एका टूलला याम्ल फाईलीतला (प्रोग्रामच्या सेटिंग्जची साधी मजकूर फाईल) एकच आकडा बदलायला सांगितला. मुदत ४५ ची ६० करायची, बास. ती त्यानं केली. मग डिफ (आधीच्या आणि नंतरच्या फाईलीतला फरक) उघडला तर १८० ओळी लाल, म्हणजे गेलेल्या, १३१ हिरव्या, म्हणजे नव्या. कीज (सेटिंग्जची नावं) वर्णानुक्रमे लागलेल्या, अवतरणचिन्हं गळालेली, गटांमधल्या रिकाम्या ओळी साफ. आणि जे गेलं त्यात हेही होतं (हॅशनं सुरू होणाऱ्या ओळी म्हणजे कमेंट, माणसांसाठी लिहिलेल्या टिपा):

```
# ४५ च्या खाली नेऊ नका. रात्रीची बॅच कधीकधी ४० सेकंद खाते.
# ३० केलं होतं तेव्हा तीच बिलं दोनदा गेली होती.
मुदत: ४५
```

(इथे दाखवण्यापुरतं मराठीत लिहिलंय. देवनागरी की याम्लला खुशाल चालते. आकडा मात्र देवनागरीत लिहिलात तर तो आकडा राहत नाही, मजकूर होतो. कुणी करून बघायच्या आधीच सांगून ठेवतो.)

या दोन ओळी लिहिणारा माणूस आता आमच्यात नाही. गिटच्या (फाईलींच्या जुन्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या टूलच्या) इतिहासात त्या सापडतील, पण त्या तिथे आहेत हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच.

असं का होतं ते सगळ्यांना माहीत आहे. पार्सर (फाईल वाचून तिचा अर्थ लावणारा भाग) टोकन काढतानाच, म्हणजे मजकुराचे तुकडे पाडतानाच, कमेंट फेकून देतो, आपल्या हातात कीज आणि व्हॅल्यूंची नुसती डिक्शनरी येते आणि लिहिताना त्या डिक्शनरीवरून नवी फाईल तयार होते. पायथनचा कॉन्फिगपार्सर कमेंट तर खातोच, वर कीजमधली कॅपिटल अक्षरंही स्मॉल करून ठेवतो. पाययाम्ल ही पायथनची याम्ल लायब्ररी, काही सांगितलं नाही तर ती कीज क्रमानं लावून देते. याउलट पायथन ३.११ मध्ये २०२२ साली टॉम्ललिब आलं (टॉम्ल ही याम्लसारखीच सेटिंग्ज लिहायची पद्धत) ते फक्त वाचतं. लिहिण्याचं काम त्यांनी अंगावर घेतलंच नाही, कारण घेतलं की मूळ फाईलीची मांडणी कशी जपायची हा प्रश्न आलाच. मला हा प्रामाणिकपणा आवडला.

माझं म्हणणं सरळ आहे. ज्या टूलला माझी कमेंट सांभाळता येत नाही, त्यानं माझी फाईल वाचावी, लिहू नये. यावर दुमत असेल तर ऐकायला आवडेल.

रखवालदार:

दुमत आहे. तुम्ही चुकीच्या माणसाला धरलंय. टूलनं कमेंट खाल्ली हा दुसरा गुन्हा. माणसानं हातानं लिहिलेल्या फाईलीत टूलला शिरू दिलं हा पहिला, आणि तो तुमचा.

सिस्टमडीकडे (लिनक्सवरच्या सेवा सुरू-बंद करणारा प्रोग्राम) बघा. पॅकेजबरोबर आलेली युनिट फाईल (एका सेवेची सेटिंग्ज) कुणी उघडून बदलत नाही. युनिटच्या नावापुढे 'डॉट डी' लावून एक डिरेक्टरी करायची, तिच्यात ओव्हरराईडची चार ओळींची फाईल टाकायची. टूलनं त्याची फाईल लिहावी, मी माझी लिहीन, वाचणाऱ्यानं दोन्ही एकावर एक वाचाव्यात. कमेंट जपायचा प्रश्नच उरत नाही, कारण टूलच्या फाईलीत कुणी कमेंट लिहीतच नाही.

डेबियन लिनक्सवर पॅकेज बसवणारा डीपीकेजीही या फंदात पडत नाही. तुम्ही कॉन्फिग फाईल बदललेली असेल आणि नव्या आवृत्तीत ती वेगळी आली, तर तो सरळ विचारतो: तुमची ठेवू की आमची टाकू? दोन्ही कालवून तिसरीच काहीतरी बनवायचा शहाणपणा करत नाही.

अर्धविराम:

@रखवालदार, जिथे 'डॉट डी' आहे तिथे मान्य, शंभर टक्के. पण रस्टचं कार्गो टॉम्ल घ्या, पायथनचं पायप्रोजेक्ट घ्या, नोडचं पॅकेज जेसन घ्या. फाईल एकच. डिपेन्डन्सीची (लागणाऱ्या लायब्ररींची) यादी त्यातच, ती मीही हातानं लिहितो आणि टूलही लिहितं. कार्गोमध्ये, म्हणजे रस्टच्या पॅकेज टूलमध्ये, 'अ‍ॅड' ही कमांड २०२२ मध्ये, १.६२ पासून आली. ती टॉम्ल एडिट नावाची लायब्ररी वापरते. डिपेन्डन्सी टाकल्यावर डिफमध्ये एक हिरवी ओळ दिसते. पोएट्री या पायथनच्या पॅकेज टूलसाठी टॉम्लकिट आहे, तेही हेच करतं. म्हणजे होतं. बाकीच्यांनी करायचं मनावर घेतलेलं नाही इतकंच.

सेडपंथी:

एका आकड्यासाठी पार्सर कशाला हवा हे मला आजवर कळलेलं नाही. सेड (मजकूर शोधून बदलणारी कमांड) मारा, मोकळे व्हा. कमेंटला धक्का नाही, डिफ एका ओळीचा.

टाचण:

@सेडपंथी, मारा की. पण या फाईलीवर मारून दाखवा:

```
स्क्रिप्ट: |
  # ही कमेंट नाही, हा मजकूर आहे
  मुदत: ४५
मुदत: ४५
रंग: #कखग
```

पहिली 'मुदत' हा स्क्रिप्टचा मजकूर आहे, दुसरी खरी की. उभ्या रेघेखाली जे आत सरकवलंय ते सगळं मजकूर, हॅश असो की काही असो. शेवटच्या ओळीत उलटा प्रकार. हॅशच्या आधी जागा सुटलीय म्हणून तिथून पुढे कमेंट, म्हणजे 'रंग' रिकामा. तोच हॅश शब्दाला चिकटून मधे आला असता तर कमेंट झाला नसता.

आणि सुडोअर्समध्ये (लिनक्सवर अ‍ॅडमिनचे अधिकार कुणाला ते ठरवणारी फाईल) तर वर्षानुवर्षं हॅशला चिकटवून 'इन्क्लूडडिर' लिहिलं की ती कमेंट नव्हे, दुसऱ्या डिरेक्टरीतले नियमही वाचायची आज्ञा असायची. '@' वालं रूप नंतर आलं, पण जुनं अजूनही चालतं. "कमेंटच्या ओळी उडवा" म्हणून कुणी सेड चालवला की सुडोअर्स डॉट डी मधले सगळे नियम एका झटक्यात बाद.

म्हणजे कमेंट कुठली, हे ओळखायलाच व्याकरण लागतं. जपणं त्याच्या पुढचं.

सेडपंथी:

सुडोअर्सचं ठाऊक नव्हतं. ओके. तरी मुद्दा सोडत नाही, थोडा बदलतो. वाचायला पार्सर वापरा, लिहायला नको. पार्सरला फक्त विचारा, "ही व्हॅल्यू कितव्या बाइटपासून कितव्यापर्यंत आहे?" आणि तेवढेच बाइट बदला. बाकी फाईल जशी होती तशी कॉपी.

'गिट कॉन्फिग' हेच करतं. स्वतःच्या पार्सरनं फाईल वाचतं, जागा टिपून ठेवतं, आधीचं आणि नंतरचं तसंच उतरवतं. व्हीएस कोडची कमेंटवाल्या जेसनसाठीची लायब्ररीसुद्धा नवी फाईल देत नाही, बदलांची यादी देते: इथपासून इतकी अक्षरं काढा, त्या जागी हे घाला. ज्याला हात लावला नाही ते बिघडायचा प्रश्नच नाही.

अर्धविराम:

हे पटलं. खरं तर मला हेच हवंय, 'राउंड ट्रिप' (वाचलेली फाईल जशीच्या तशी परत लिहिणं) वगैरे शब्द उगाच मोठे.

टाचण:

व्हॅल्यू बदलण्यापुरतं मलाही पटलं. पण की काढून टाकायची असेल तर?

मी पार्सरवर काम करते म्हणून सांगते, फाईल जशीच्या तशी परत लिहिणं अवघड नाहीच. मोकळ्या जागा, ओळींचे शेवट, कमेंट हे सगळं ट्रीमध्ये (पार्सरनं बनवलेल्या रचनेत) कुठेतरी लटकवून ठेवायचं, झालं. सी शार्पचा रॉझलिन कंपायलर तसंच करतो. त्याचा नियमही सोपा आहे: टोकननंतर त्याच ओळीवर जे आहे ते त्या टोकनचं, पुढच्या ओळीपासून जे आहे ते पुढच्या टोकनचं. गो भाषेच्या याम्ल लायब्ररीच्या तिसऱ्या आवृत्तीत ट्रीतल्या प्रत्येक नोडला (घटकाला) कमेंटचे तीन कप्पे आहेत, डोक्यावरची, ओळीतली आणि पायाशी असलेली.

आता हे बघा:

```
कनेक्शन: १०

# ४५ च्या खाली नेऊ नका
मुदत: ४५
# रात्री वेगळं वागतं, खाली बघा

पुनःप्रयत्न: ३
```

'रात्री वेगळं वागतं' ही ओळ कुणाची? मुदतीची, की पुनःप्रयत्नाची? 'खाली' म्हणजे कुठे? तुम्ही वाचून अंदाज कराल, मी वाचून अंदाज करीन, कदाचित वेगवेगळे. पार्सरला तर वाचताच येत नाही. त्याला फक्त रिकामी ओळ दिसते. कमेंट व्याकरणात कुणालाच बांधलेली नसते, तिचं नातं वाचणाऱ्याच्या डोक्यात असतं.

जुनाजाणता:

मी जरा वेगळंच बोलतो, चिडू नका. कमेंट कॉन्फिगमध्ये हव्यातच कशाला? जेसन हा फॉरमॅट रूढ करणाऱ्या डग्लस क्रॉकफर्डनं त्यातून कमेंट मुद्दाम काढल्या. कारणही त्यानं २०१२ मध्ये सांगितलं होतं: लोक कमेंटमध्ये पार्सरसाठी सूचना लिहायला लागले होते, त्यानं एकमेकांची फाईल वाचणं अवघड झालं असतं. निम्मं जग आज जेसनवर चालतंय, कुठे काय अडलं?

कारण लिहायचं तर कमिट मेसेजमध्ये (गिटमध्ये बदल नोंदवताना लिहायच्या टिपेत) लिहा. तो कुठलंही टूल खात नाही.

सेडपंथी:

अडलं नाही कसं? लोक '_कमेंट' नावाची की बनवून तिच्यात गोष्टी सांगतात. टाईपस्क्रिप्टच्या कॉन्फिगला कमेंट चालवून घ्याव्या लागल्या. कमेंट चालणारं जेसन ५ आलं. पुढच्या दारानं काढलेली मांजर मागच्या दारानं घरात. आणि क्रॉकफर्डचा जेसन दोन प्रोग्राममधल्या देवाणघेवाणीसाठी होता, रात्री जागून वाचणाऱ्या माणसासाठी नव्हे.

जुनाजाणता:

मांजरीचं मान्य. कमिट मेसेजचं उत्तर द्या.

अर्धविराम:

देतो. त्या १८० ओळींच्या डिफनंतर 'गिट ब्लेम' (प्रत्येक ओळ शेवटी कुणी बदलली ते दाखवणारी कमांड) लावा. प्रत्येक ओळीवर टूलचं नाव. कमिट मेसेज कुठलंही टूल खात नाही, पण त्याच्यापर्यंत जायची वाट बुजवून टाकतं. मांडणी जपायला मी उगाच सांगत नाहीये.

मितभाषी:

मांडणीचं म्हणाल तर अवतरणचिन्हंही सजावट नसतात. याम्ल १.१ मध्ये अवतरणाशिवाय इंग्रजी 'नो' लिहिलं की ते 'असत्य' होतं. नॉर्वेचा देश-कोड म्हणजे हीच दोन अक्षरं. १.२ आलं २००९ मध्ये, त्यात हे काढलं, पण पाययाम्ल अजून १.१ च्या नियमानं वाचतो. १.२ वाल्या टूलला अवतरणं फालतू वाटली आणि त्यानं ती काढली, की पुढच्या १.१ वाल्याला नॉर्वेऐवजी 'असत्य' मिळतं. चुकलं कोण? दोघंही आपापल्या जागी बरोबर.

रखवालदार:

@मितभाषी, हा माझ्याच बाजूचा पुरावा झाला. एका फाईलीत दोन लेखक नकोत.

अर्धविराम:

काल रात्री बसून टाचण यांच्या फाईलीवर प्रयोग केला. रुआमेल याम्ल वापरलं, पायथनमध्ये कमेंट जपणारं म्हणून सगळे त्याचंच नाव घेतात.

आकडा बदलला. एका ओळीचा डिफ, सगळ्या कमेंट जागच्या जागी. (माझ्या खऱ्या फाईलीवर अवतरणं राखायचं वेगळं सांगावं लागलं, लांब ओळी मोडू नयेत म्हणून रुंदीही वाढवावी लागली. आपोआप काही मिळत नाही.)

मग 'कनेक्शन' काढलं. त्याच्याबरोबर '४५ च्या खाली नेऊ नका' ही ओळही गेली! ही लायब्ररी कमेंट तिच्या आधीच्या कीला बांधते. आधीची गेली की तिच्या शेपटीला बांधलेलं सगळं जातं.

फाईल परत आणली आणि या वेळी 'मुदत' काढली. उरलं ते हे:

```
कनेक्शन: १०

# ४५ च्या खाली नेऊ नका
पुनःप्रयत्न: ३
```

पाच मिनिटं बघत बसलो. कमेंट जपली गेली आहे. एक अक्षरही हललेलं नाही. आणि नवीन येणारा कुणीतरी भला माणूस ती वाचून पुनःप्रयत्न ४५ करणार.

जुनाजाणता:

यापेक्षा गेलेली बरी होती!

टाचण:

म्हणूनच विचारत होते. लायब्ररीला दोष नका देऊ, नंतरच्या कीला बांधली असती तर दुसऱ्या कुठल्यातरी फाईलीत उलटी गंमत झाली असती. गिटनंही यात मार खाल्लाय. सेक्शनमधली शेवटची की काढली की रिकामं शीर्षक मागे राहायचं आणि पुढच्या वेळी तसंच दुसरं शीर्षक तयार व्हायचं. २०१८ मध्ये, २.१८ ला ते दुरुस्त केलं, तेही अर्धवट. आसपास कमेंट असेल तर शीर्षकाला हात लावत नाहीत, कारण ती कमेंट त्या शीर्षकाबद्दल असू शकते. मला तो भित्रेपणा योग्य वाटतो.

रखवालदार:

मग काढायच्या वेळी टूलनं काय करावं म्हणता? माणसाला विचारावं? पहाटे तीनला पाइपलाइनमध्ये (आपोआप चालणाऱ्या कामांच्या साखळीत) उत्तर कोण देणार?

अर्धविराम:

काढायच्या वेळी नकार द्यावा. शेजारी कमेंट असेल तर "ही ओळ तुम्हीच काढा" म्हणून थांबावं. पाइपलाइन लाल झाली तर होऊ दे, सकाळी बघू. व्हॅल्यू बदलायला मात्र हरकत नाही, आणि तिथे कमेंट जपणं अजूनही सक्तीचंच म्हणेन. पहिल्या पोस्टमध्ये दोन्ही एकाच मापानं मोजलं होतं, तेवढं मागे घेतो.

सक्ती का, तेही सांगतो. डिफमध्ये बदललेल्या ओळीच्या वरखाली तीन-तीन ओळी दिसतात. उद्या टूलनं ६० चे २० केले तर '४५ च्या खाली नेऊ नका' हे अगदी त्याच्या डोक्यावर दिसेल. रिव्ह्यू करणारा कितीही घाईत असला तरी त्याच्या डोळ्यांसमोर येईल.

रखवालदार:

रिव्ह्यू करणारा कोण? वर तुम्ही लिहिलंय की टूलनं बदल केला, मग तुम्ही डिफ उघडला. म्हणजे ते आधीच मेनमध्ये (सगळे वापरतात त्या मुख्य शाखेत) गेलं होतं ना?

अर्धविराम:

हो.

आज दुपारी बंद केलं ते.