मदत हवी आहे: २०१४ चं एकच पार्श्वसंगीत निवडायचंय

नमस्कार मंडळी. आम्ही सात-आठ जण कोथरूडला एका मित्राकडे महिन्यातून एकदा संगीत ऐकायला जमतो. या रविवारी विषय आहे २०१४ मधल्या सिनेमांचं पार्श्वसंगीत. प्रत्येकाने एकच आणायचं, गाणी चालणार नाहीत. मी चार दिवस अडकलोय.

मन ओढतंय ते 'इंटरस्टेलर'कडे. हान्स झिमर यांनी लंडनच्या टेम्पल चर्चमधला पाइप ऑर्गन वापरलाय. हवेवर चालणारं वाद्य, त्यामुळे सूर श्वास घेतल्यासारखा येतो, आणि अंतराळात हवाच नसते! यान जोडण्याच्या प्रसंगात तो ऑर्गन चढत जातो तेव्हा अजूनही अंगावर काटा येतो. पण हे सगळ्यांनी ऐकलेलं असणार.

दुसरं, 'द ग्रँड बुडापेस्ट हॉटेल'. संगीत अलेक्झांडर देस्प्ला यांचं. त्यात बालालाइका (तीन तारांचं रशियन वाद्य) आणि सिंबालोम (हंगेरीकडचं तंतुवाद्य). ऑस्कर यालाच मिळालं. सिंबालोम ऐकताना मला आपलं संतूर आठवतं, दोन्ही तारांवर आघात करून वाजतात.

आणि तिसरं 'फँड्री', पार्श्वसंगीत अलोकनंदा दासगुप्ता यांचं. आपल्या मातीतला सिनेमा, आणि यावर कुणी फारसं बोलत नाही, याचं मला वाईट वाटतं. अडचण एवढीच की चित्राशिवाय, नुसतं स्पीकरवर ते तितकं पोहोचेल का?

तुम्ही काय निवडाल? पडद्यापासून वेगळं काढूनही टिकतं ते, की प्रसंगात विरघळून जातं ते? 'फँड्री' नुसतं कानांनी ऐकलेलं कुणी असेल तर जरूर सांगा. शनिवारपर्यंत कळलं तर बरं होईल.